फुंक कुठं गळते

जुना ट्रम्पेट बघायला निघायचं तर आषाढी एकादशी होऊन जाऊ द्यावी. सोलापुरातली लग्नसराई तोवर उरकलेली असते, बँडवाल्यांचे कोट पेटीत गेलेले असतात, गणपतीला अजून अवकाश असतो. पथकातली जादाची वाद्यं याच दिवसांत निघण्याची शक्यता जास्त. शिवाय दाखवणाऱ्यालाही वेळ असतो, आणि जुन्या वाद्याच्या खरेदीत वेळ ही पहिली गोष्ट लागते. वरातीच्या हंगामात संध्याकाळी सहाला गाठलं तर दहा मिनिटांत ‘घ्या, नाहीतर ठेवा’ होतं. ट्रम्पेट नीट बघायला तासभर हवा.

हौशी वादक जुना ट्रम्पेट घेताना बहुतेक वेळा दोन गोष्टींना भुलतो. एक, चकाकी. दुसरी, कर्ण्यावर कोरलेलं नाव. दोन्हींचा आवाजाशी संबंध आहे, पण तो फार पुढचा. ट्रम्पेट म्हणजे साधारण दीड मीटर लांबीची, वळवून वळवून हातात मावेल अशी केलेली पितळी नळी. ओठांपाशी आत गेलेली हवा कर्ण्यापर्यंत वाटेत कुठं न गळता पोचली पाहिजे. ती पोचत असेल तर रंग उडालेला, पोचे पडलेला बाजाही गातो. ती गळत असेल तर आरशासारखा बाजाही दमवतो. नवशिका तर दोष स्वतःच्या छातीला देतो आणि सहा महिन्यांत वाद्य माळ्यावर जातं. माझं ठाम मत असं की जुन्या ट्रम्पेटमध्ये आपण व्हॉल्व्ह, म्हणजे बोटांनी दाबायच्या तीन झडपा, विकत घेतो, बाकीची नळी त्याच्यासोबत येते. पोचा निघतो, तुटलेल्या सांध्याला डाग देता येतो, पाणी काढायच्या चावीचं बुच पाच मिनिटांत बदलतं. झिजलेल्या व्हॉल्व्हवर मात्र सोलापुरात इलाज नाही, आणि जिथं आहे तिथं तो वाद्याच्या किमतीएवढा पडू शकतो.

तेव्हा सुरुवात व्हॉल्व्हपासून. “अण्णा, पिस्टन काढून बघू का?” हे आधी विचारावं. पिस्टन म्हणजे व्हॉल्व्हच्या नळकांड्यात वरखाली होणारा भोकांचा दट्ट्या. नीट ठेवलेल्या वाद्याचा मालक लगेच हो म्हणतो. वरची टोपी फिरवून सैल करायची आणि पिस्टन सरळ वर ओढायचा, तिरका नाही. एका वेळी एकच. तिन्ही एकदम काढून टेबलावर मांडले की परत बसवताना घोटाळा होतो. प्रत्येक पिस्टनवर १, २, ३ असा आकडा कोरलेला असतो, आणि पहिला म्हणजे वाजवणाऱ्याच्या तोंडाजवळचा. बसवताना पिस्टन आत सोडून हळूहळू फिरवायचा. पिस्टनवरचा छोटा मार्गदर्शक दात खाचेत बसला की बारीक ‘टिक’ होतं आणि मग तो फिरत नाही.

इथं एक उपयोगाची गोष्ट. ‘बाजा बिघडलाय, हवाच जात नाही’ म्हणून स्वस्तात निघालेला ट्रम्पेट कधीकधी अजिबात बिघडलेला नसतो. कुणीतरी सफाई करताना पहिला आणि तिसरा पिस्टन अदलाबदल केलेला असतो, किंवा एखादा उलटा बसलेला असतो. पिस्टनची भोकं नळ्यांच्या तोंडासमोर आली नाहीत की फुंक भिंतीवर आपटल्यासारखी परत येते. आकडे बघून बसवले की वाद्य जिवंत.

काढलेला पिस्टन सुती फडक्यानं पुसून उजेडात धरा. मोनेल नावाच्या निकेल-तांब्याच्या मिश्रधातूचा असेल तर तो मंद करडा दिसतो आणि तसाच दिसायला हवा. निकेलचा मुलामा असेल तर चकचकीत दिसतो, आणि झिजला असेल तर खालचं पितळ पिवळं होऊन डोकावतं. ही पिवळी पट्टी बहुतेक एकाच बाजूला असते, कारण बोटाच्या टोकाऐवजी पेरानं दाबणारा माणूस पिस्टन दर वेळी थोडा बाजूला ओढतो. वीस वर्षं वरातीत वाजलेल्या वाद्यावर ती ओढ लिहिलेली असते. उभे बारीक ओरखडे चालतात. नखाला अडकणारी खाच चालत नाही. पिस्टन आणि त्याच्या नळकांड्यामधली फट केसाच्या जाडीपेक्षाही कमी असते, त्यामुळे अशी एक खाच फुंकेला पुरेशी वाट देते.

आता खरी परीक्षा. दुसऱ्या व्हॉल्व्हची छोटी स्लाइड, म्हणजे बाहेर काढता येणारी वळणाची नळी, व्हॉल्व्ह न दाबता झटकन ओढा. ‘पॉप’ असा बाटलीचं बूच उडाल्यासारखा आवाज आला पाहिजे. व्हॉल्व्ह वर असताना त्या वळणाची दोन्ही तोंडं पिस्टनच्या भिंतीनं बंद असतात, म्हणून स्लाइड ओढली की आत पोकळी तयार होते. पण पहिल्या पॉपवर विश्वास टाकू नये. स्लाइड पुन्हा बसवा, या वेळी सेंटिमीटरभर ओढून तशीच धरा, मनात दहा अंक मोजा आणि मग व्हॉल्व्ह दाबा. पोकळी टिकून असेल तर दाबताक्षणी हवा फट्कन आत शिरल्याचं ऐकू येतं. काहीच ऐकू आलं नाही तर त्या दहा अंकांत हवा कुठूनतरी आत झिरपली. पहिल्या आणि तिसऱ्या स्लाइडवरही हेच करा. तिसरी हलकी फिरावी म्हणून मुळातच थोडी सैल ठेवतात, तिला पाच अंकांची सूट द्यावी. ही परीक्षा फक्त पारखण्यापुरती करायची असते. एरवी वाजवताना स्लाइड ओढायची तर तिचा व्हॉल्व्ह दाबूनच ओढावी.

या परीक्षेलाही फसवता येतं. पिस्टनला जाड तेल लावलं की फट तात्पुरती बुजते आणि झिजलेला व्हॉल्व्हही पॉप देतो. दर वेळी फसवण्याचा हेतू असतो असं नाही. आपल्या गावात यंत्रमागाचं स्पिंडल तेल आणि शिलाई मशिनचं तेल हाताशी असतं, आणि पेटीत शेवटी ज्याची बाटली सापडते ते लागतं. म्हणून सोबत व्हॉल्व्ह ऑइलची आपली छोटी बाटली न्यावी, पिस्टन आणि नळकांडं दोन्ही कोरडी पुसावीत, प्रत्येकी तीन-चार थेंब पातळ तेल घालावं आणि मग पॉप ऐकावा. खोबरेल लावलेलं आढळलं तर सफाई जास्त लागणार हे धरून चाला. ते थंडीत थिजतं आणि जुनं झालं की डिंकासारखं चिकटतं.

तेल घातल्यावर तिन्ही व्हॉल्व्ह एकेक करून अगदी हळू, दोन-तीन सेकंद घेत दाबा आणि तितकेच हळू सोडा. वेगानं दाबताना सगळे व्हॉल्व्ह बरे वाटतात. अर्ध्या वाटेवर एखादा थबकत असेल तर एकतर आत घाण आहे किंवा नळकांड्याला मार लागलाय. घाण धुऊन जाते. माराचं बघायला बाहेरून बोट फिरवा. दुसऱ्या व्हॉल्व्हची वळणनळी बाहेर आलेली असते, वाद्य त्या कुशीवर पडलं की धक्का थेट नळकांड्यात जातो. मधलाच पिस्टन अडकत असेल तर मला आधी हीच शंका येते. तिथला पोचा दिसायला मसुराएवढा असला तरी ते वाद्य सोडून द्यावं.

दाबताना खटखट आवाज येतोय का? मग व्हॉल्व्हवरच्या फेल्टच्या, म्हणजे नमद्याच्या मऊ, चकत्या दबल्या आहेत. बाब छोटी, पण परिणाम मोठा. चकत्या पातळ झाल्या की पिस्टन जास्त खाली जातो, त्याची भोकं नळ्यांच्या तोंडासमोर नेमकी येत नाहीत आणि आवाज घोंगडीतून आल्यासारखा होतो. दुसरी स्लाइड काढून त्या भोकातून मोबाईलच्या उजेडात बघा, व्हॉल्व्ह दाबल्यावर पिस्टनची कड चंद्रकोरीसारखी डोकावताना दिसते. नव्या चकत्या स्वस्त असतात, त्यामुळे या दोषाची किंमत पाडून घ्यावी आणि वाद्य घ्यावं. स्प्रिंग मात्र ताणून लांब करू नये. ती आठवडाभर बरी चालते, मग पूर्वीपेक्षा ढिली पडते.

व्हॉल्व्हनंतर तोंडाकडची नळी. माउथपीस जिथं बसतो तिथून मुख्य स्लाइडपर्यंत, म्हणजे पट्टी जुळवायच्या मोठ्या वळणापर्यंत, जाणारी ही सरळ नळी सगळ्यात आधी सडते, कारण श्वासातला ओलावा, लाळ आणि चहाबिस्किटाचे कण पहिल्यांदा इथंच उतरतात. पितळात तांबं आणि जस्त असतं. ओल धरून राहिली की जस्त निघून जातं आणि मागं सच्छिद्र, ठिसूळ तांबं उरतं. बाहेरून ते गुलाबी-तांबूस ठिपक्यांसारखं दिसतं, कधी ठिपक्याच्या मध्ये काळसर बिंदू. हा वरचा डाग समजून घासायला जाऊ नये. तो आतून बाहेर आलेला असतो. मुख्य स्लाइड पूर्ण काढून नळी खिडकीकडे धरा आणि एका टोकातून बघा. हिरवट-पांढरी पुटं असतील तर ती बहुधा निघतील. भिंत खडबडीत, खड्ड्याखड्ड्यांची दिसली तर नळी बदलावी लागेल. एखाददुसरा ठिपका असलेला ट्रम्पेट अजून काही वर्षं वाजू शकतो, पण किंमत त्या हिशोबानंच द्यावी.

नुकतंच पॉलिश केलेलं वाद्य समोर आलं तर हे ठिपके दिसत नाहीत. अशा वेळी कर्ण्यावरची कोरीव अक्षरं बघा. कडा बोथट, अक्षरं पुसट म्हणजे बफ मशिननं वरचं पितळच खाल्लेलं आहे. पत्रा पातळ होतो आणि पुढं हलक्या धक्क्यानंही पोचतो. लाखेचा पिवळा थर अर्धा उडालेला, हात लागतो तिथं काळवंडलेला ट्रम्पेट मला जास्त विश्वासाचा वाटतो. निदान त्याची कातडी खरी आहे.

कर्ण्याचे पोचे बघून घाबरू नये. नळी जितकी रुंद तितका पोचा निरुपद्रवी. रुपयाएवढा पोचा कर्ण्याच्या तोंडाशी असेल तर आवाजात फरक कळतही नाही, तोच तोंडाकडच्या नळीवर हरभऱ्याएवढा असला तरी काही सूर अडखळतात. पत्र्याला पडलेली घडी मात्र पोच्यापेक्षा वाईट, ती सरळ केली तरी तिथं भेग जायची भीती राहते. दोन नळ्यांना जोडणाऱ्या आडव्या काड्या बोटानं हलवून बघा. सुटलेला सांधा ठरावीक सुराला झणझणतो. त्याला डाग देणं सोपं काम, पण ते भांड्याला झाळ लावणाऱ्याकडं सोपवू नये. मोठ्या ज्योतीनं शेजारचे चार सांधे सुटतात आणि व्हॉल्व्हजवळ आच लागली तर नळकांडं वाकतं. पाणी काढायच्या चावीखालचं बुच आणि स्प्रिंग बघायला विसरू नका. ‘फुंक पुरत नाही’ या तक्रारीमागं कितीदा हेच वाळलेलं बुच असतं.

स्लाइड अडकली असेल तर पक्कड लावू देऊ नका, ना विकणाऱ्याला ना स्वतःला. सांध्याला थोडं पातळ तेल लावून रात्रभर ठेवायचं, दुसऱ्या दिवशी वळणातून जाड सुती पट्टी ओवून सरळ रेषेत झटके द्यायचे. माउथपीस अडकला असेल तर त्याला वेगळं ओढणं असतं. ते ज्याच्याकडं आहे अशा दुरुस्तीवाल्याकडंच जावं, कारण पिळून काढायला गेलं की नळीच पिळली जाते.

माउथपीसचा आणखी एक घोळ बँडमधल्या वाद्यांत भेटतो. कॉर्नेटच्या, म्हणजे ट्रम्पेटसारख्याच पण आटोपशीर वाद्याच्या, माउथपीसची दांडी ट्रम्पेटच्या दांडीपेक्षा बारीक असते. तो ट्रम्पेटला लावायचा म्हणून दांडीवर दोरा किंवा कागद गुंडाळलेला दिसतो. अशानं सूर हलतात आणि वाद्य उगाच बदनाम होतं. योग्य दांडी साधारण इंचभर आत जाऊन घट्ट बसते, डुगडुगत नाही. तसाही जुन्यासोबत आलेला माउथपीस वापरू नये असंच मी म्हणेन. कडेची चांदी उडाली असेल तर उघडं पितळ ओठाला त्रास देतं. नवा ७सी हा सुरुवातीला बहुतेकांना चालणारा आकार आहे. तो आधीच विकत घेऊन ठेवावा आणि वाद्य बघायला सोबत न्यावा.

आता फुंकून बघायचं. ज्याला पेटी कळते त्यानं सोबत पेटी किंवा मोबाईलवरचा तानपुरा ठेवावा. आपल्याकडचा नेहमीचा बी फ्लॅट ट्रम्पेट कोणताही व्हॉल्व्ह न दाबता पेटीच्या काळी पाचचा सा देतो. त्याच मोकळ्या नळीतून, फक्त ओठ आवळत गेलं की सा, प, वरचा सा, त्यावरचा ग, त्यावरचा प असे सूर एकामागून एक मिळतात. तो गंधार पेटीच्या गंधारापेक्षा किंचित उतरलेला लागतो. तो दोष समजू नये. नळीतल्या हवेचा तो स्वाभाविक गंधार आहे, आणि ज्यांनी तानपुऱ्याच्या तारेतून गंधार ऐकलाय त्यांना तो ओळखीचा वाटेल.

वरच्या सा वरून दुसरा व्हॉल्व्ह दाबला की शुद्ध नी, पहिला दाबला की कोमल नी, पहिला-दुसरा मिळून ध, दुसरा-तिसरा मिळून कोमल ध, पहिला-तिसरा मिळून प. म्हणजे हाच पंचम मोकळ्या नळीतूनही येतो आणि पहिला-तिसरा दाबूनही. वाद्य पारखायला याच्यासारखी सोय नाही. आधी मोकळा प धरा, मग पहिला-तिसरा दाबून तोच प. दुसरा थोडा चढा लागेल. प्रत्येक व्हॉल्व्हची जादा नळी एकट्यानं दाबायच्या हिशोबानं कापलेली असते, जोडीनं दाबले की लांबी थोडी कमी पडते, म्हणून सूर चढतो. तिसऱ्या स्लाइडला बोट अडकवायची कडी असते ती यासाठीच. अनामिकेनं स्लाइड सेंटिमीटरभर पुढं ढकलली की दोन्ही पंचम एक व्हायला हवेत. स्लाइड वाजवता वाजवता सरकत नसेल तर मध्य सप्तकातला रे, जो पहिला-तिसरा दाबूनच निघतो, कायम चढा राहील. कोमल रे तर तिन्ही दाबून निघतो आणि त्याहून जास्त चढतो, त्याला दीड-दोन सेंटिमीटर ढकलावं लागतं. भूप वाजवायचा आणि रे बेसूर, हे कसं चालेल? रोज वाजवणाऱ्याला ही स्लाइड व्हॉल्व्हइतकीच मोलाची आहे.

फुंकताना मोठ्यानं वाजवून दाखवायचा मोह आवरा. मोठ्या आवाजात गळती झाकली जाते. जितका हळू लागेल तितका हळू सूर लावा, आठ-दहा सेकंद धरा, मग तसाच हळू थांबवून पुन्हा सुरू करा. सूर सुरू व्हायच्या आधी नुसती हवेची फुसफुस येत असेल तर आधी आपले ओठ तापलेत का बघा. पाच मिनिटं वाजवूनही तेच होत असेल तर वाद्याकडं बोट दाखवायला हरकत नाही.

एकूण पट्टीही बघायची. मुख्य स्लाइड साधारण एक ते दीड सेंटिमीटर बाहेर असताना सूर पेटीशी जुळावा. हवा तापली की वाद्य चढतं, हे सोलापूरकरानं विशेष ध्यानात ठेवायचं. मे महिन्याच्या दुपारी पूर्ण आत ढकललेल्या स्लाइडवर जेमतेम जुळणारा ट्रम्पेट पौषातल्या पहाटे उतरलेलाच राहील, कारण आत ढकलायला जागाच उरलेली नाही. याच्या उलट प्रकार जुन्या विलायती वाद्यांत सापडतो. ब्रिटनमधले ब्रास बँड १९६० च्या दशकापर्यंत चढ्या पट्टीत वाजत, म्हणजे पांढरी सहाची सेकंदाला आजच्या ४४० ऐवजी ४५२ च्या आसपास कंपनं. त्या काळातलं एखादं इंग्रजी वाद्य हाताला लागलं तर त्याचा सा काळी पाच आणि पांढरी सातच्या बरोबर मधे कुठंतरी लागेल. मुख्य स्लाइड भरपूर ओढून तो खाली आणता येतो, पण मग तिन्ही व्हॉल्व्हच्या स्लाइडही त्या प्रमाणात ओढाव्या लागतात आणि सूर एकमेकांशी भांडत राहतात. अशी वाद्यं सुंदर असतात, कपाटात शोभतात. शिकायला घेऊ नयेत.

कोणत्या बनावटीचं घ्यावं? भारतातल्या बँडचा मोठा आधार म्हणजे मेरठमधली जली कोठी ही वाद्यं बनवणाऱ्यांची वस्ती. तिथली नादिर अली अँड कंपनी १८८५ पासूनची. मेरठच्या बाजाचं मोल त्याच्या सहज मिळण्यात आणि मजबुतीत आहे. पण हातानं घासून बसवलेला पिस्टन दुसऱ्या वाद्यात बसेलच असं नाही, म्हणून एकाच नावाचे दोन बाजे समोर असले तरी दोन्ही वेगवेगळे तपासावेत. जपानी विद्यार्थी-ट्रम्पेट, उदाहरणार्थ यामाहाचा वायटीआर २३३५, जुना असूनही पिस्टन सांभाळलेले असतील तर हौशी माणसाला मी आधी तोच सुचवीन. त्याचे पिस्टन मोनेलचे आहेत आणि सूर सरळ आहेत. बाख या नामांकित अमेरिकी कंपनीचं नाव कोरलेला, पण नवाकोरा आणि फार स्वस्त ट्रम्पेट दिसला तर सावध. खऱ्या वाद्याचा अनुक्रमांक मधल्या व्हॉल्व्हच्या नळकांड्यावर कोरलेला असतो. तो नसेल, किंवा कोरीव अक्षरं वेडीवाकडी असतील तर नावाचे पैसे देऊ नका. निळे-लाल रंगवलेले नवे ट्रम्पेट मुलांना फार आवडतात. त्यांच्या व्हॉल्व्हची परीक्षा जुन्यासारखीच घ्या, नवेपणाची सूट देऊ नका.

पुण्या-मुंबईहून मागवायचं असेल तर फोटो मागताना नेमके मागा: तिन्ही पिस्टन बाहेर काढून दोन्ही बाजूंनी, मुख्य स्लाइड काढून आतून, तोंडाकडची नळी उन्हात. आणि दहा अंक मोजून केलेल्या पॉपचा व्हिडिओ, आवाजासह. पुणे अडीचशे किलोमीटरवर आहे. चांगलं वाद्य असेल तर तेवढं जाऊन यावं, कुरियरपेक्षा ते बरं. ठरवलेल्या पैशांतला चौथा हिस्सा दुरुस्तीसाठी आधीच बाजूला काढून ठेवावा, म्हणजे घासाघीस करतानाही डोकं थंड राहतं.

घरी आणल्यावर पहिल्या दिवशी वाजवायचं नाही, धुवायचं. पिस्टन, टोप्या, स्प्रिंगा काढून बाजूला, फेल्टला पाणी लागू द्यायचं नाही. बादलीत कोमट पाणी, कढत नाही, कारण कढत पाण्यानं लाखेचा थर सुटतो. त्यात चमचाभर भांडी घासायचं पातळ साबण. लवचिक ब्रश नळ्यांतून मुकाट्यानं पुढं-मागं. पहिलं पाणी हिरवट-काळं येईल, तिसरं स्वच्छ. बोअरचं पाणी जड असतं, ते आत वाळलं की पांढरा थर धरतं, म्हणून शेवटचं पाणी प्यायच्या फिल्टरमधलं घ्यावं. पितळ म्हटलं की हात आपोआप चिंचेकडं जातो. इथं चिंच नको, राख नको, भांडी घासायची पावडर तर मुळीच नको. तिचा एक कण नळकांड्यात राहिला तरी पिस्टनवर रेघ उमटते. पंचावर पालथं घालून रात्रभर वाळू द्या. सकाळी स्लाइडला ग्रीसचा पातळ हात, पिस्टनला तीन-चार थेंब तेल, आकडे बघून १, २, ३.

मग दुसऱ्या व्हॉल्व्हची स्लाइड पुन्हा एकदा सेंटिमीटरभर ओढून धरा आणि दहा अंक मोजा.